उन्हाळ्याला जन्मदाखला कशाला?

कॅनडाचा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स याचा भारतात कार्यक्रम ठरला की एक वाद हमखास उकरून काढला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये तो मुंबईत गाऊन गेला, तेव्हाही हेच झालं. ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’ या त्याच्या गाण्यातला ६९ नेमका कसला? एक गट म्हणतो, अर्थातच १९६९ सालचा. दुसरा गट लगेच तारखा पुढे करतो. अ‍ॅडम्सचा जन्म ५ नोव्हेंबर १९५९ चा. म्हणजे त्या उन्हाळ्यात तो जेमतेम नऊ वर्षांचा. नऊ वर्षांचं पोरगं बँड काढतं का? मुलीच्या दारात उभं राहून आणाभाका घेतं का? तेव्हा ते साल वगैरे काही नाही, तो शय्येतला चावट आकडा आहे, असा निकाल दिला जातो. आणि मग तिसरा गट येतो. तो म्हणतो, साल असो की चावटपणा, माणूस जे जगलाच नाही त्याच्या आठवणीने गळा काढतो आहे. हे स्मरणरंजन बनावट आहे आणि त्यावर डोळे पुसणारे आपण भाबडे आहोत.

हा वाद मला मनापासून खटकतो, कारण तिन्ही गट एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात. तरुणपणाची आठवण काढणारं गाणं म्हणजे जणू साक्षीदाराचा जबाब, आणि जबाबातली तारीख चुकली की साक्ष बाद. माझं म्हणणं असं, की अशा गाण्याचा खरेपणा मागे वळून पाहणाऱ्या माणसात शोधायचा असतो. तो कुठे उभा आहे, त्याच्या हातून काय निसटलं आहे, आणि ते निसटल्याचं तो कबूल करतो की नाही, ही कसोटी. ज्या उन्हाळ्याकडे तो पाहतो, तो उन्हाळा त्याच्या वाट्याला आला होता का, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि बराच नंतरचा.

दुसऱ्या गटाची बाजू कच्ची आहे असं मात्र कोणी समजू नये. खुद्द अ‍ॅडम्सने अनेकदा सांगितलं आहे, की गाणं त्या सालाबद्दल नसून उन्हाळ्यातल्या प्रेमाबद्दल, शरीरसुखाबद्दल आहे आणि आकड्यातला श्लेष त्याला अभिप्रेत होता. गाणं संपताना तो जे गुणगुणतो, ते कान देऊन ऐकलं तर तिथे हा श्लेष उघडच आहे. गाणाऱ्यानेच सांगितल्यावर आपण कोण उलटं बोलणारे? हा मुद्दा वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण गाणं एकट्या अ‍ॅडम्सचं नाही. ते त्याने जिम व्हॅलन्सबरोबर लिहिलं. १९७८ च्या जानेवारीत व्हँकुव्हरमधल्या वाद्यांच्या दुकानात दोघांची गाठ पडली, तेव्हा अ‍ॅडम्स अठरा वर्षांचा होता आणि व्हॅलन्स पंचविशीत. पुढे सहा वर्षांनी, १९८४ च्या जानेवारीत, व्हॅलन्सच्या घराच्या तळघरातल्या स्टुडिओत त्यांनी हे गाणं लिहायला घेतलं. सुरुवातीचं नाव होतं ‘बेस्ट डेज ऑफ माय लाइफ’. त्यात आकडा नव्हताच. साल नाही, चावटपणाही नाही. होती ती फक्त ‘आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस’ ही भावना. आणि व्हॅलन्सचा जन्म १९५२ च्या मे महिन्यातला. १९६९ च्या उन्हाळ्यात तो बरोबर सतरा वर्षांचा होता. त्याच्या लेखी हा आकडा सालाचाच. म्हणजे एकाच आकड्यात दोन माणसांचे दोन अर्थ एकत्र नांदत आहेत आणि दोघेही आपापल्या जागी खरं बोलत आहेत. मग ‘नऊ वर्षांचा होता’ हा युक्तिवाद कोणाला लागू करायचा? सतरा वर्षांच्या सहलेखकाला तो लागू होत नाही, आणि सालाचा अर्थच नाकारणाऱ्या गायकालाही होत नाही. जन्मतारखेचा हा पुरावा दोन्हीकडे निरुपयोगी आहे, तरी दरवेळी तोच पहिल्यांदा मांडला जातो.

आता ज्या तारखेकडे कोणी पाहत नाही ती पाहू. गाणं लिहायला घेतलं तेव्हा अ‍ॅडम्स चोवीस वर्षांचा होता. ज्या अल्बमवर ते आलं, तो ‘रेकलेस’ बाजारात आला त्या दिवशी, ५ नोव्हेंबर १९८४ ला, त्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. त्या वयाचा मुलगा ‘गेले ते दिवस’ म्हणतो, जुनी गिटार हातात घेऊन कधीमधी तिची आठवण काढतो, कुठे बिनसलं असेल याचा विचार करतो. हे सगळं चाळिशीच्या माणसाचं बोलणं आहे. १९६९ मध्ये तो फार लहान होता अशी तक्रार करणाऱ्यांना, १९८४ मध्ये हे गाणं गाण्यासाठी तो फार लहान होता हे कसं दिसत नाही? त्याची कल्पनाशक्ती मागे कमी आणि पुढेच जास्त गेली आहे. एक दिवस आपण असे मागे वळून पाहू, तेव्हा काय काय उरलेलं नसेल, याचा अंदाज पंचविशीतल्या पोराने बांधला आणि तो इतका अचूक निघाला की आज पासष्टी ओलांडल्यावर तेच गाणं गाताना त्याला एक शब्द बदलावा लागत नाही. जे जगलो नाही त्याबद्दल लिहिणं हा गुन्हा मानला, तर आधी या अंदाजालाच गुन्हा ठरवावं लागेल.

गाण्याची रचनाच पाहा. सुरुवात डी मेजरमध्ये, म्हणजे डी हा षड्ज (सा) धरून. तारांवर उजवा तळवा टेकवून ठेवलेला असतो, त्यामुळे स्वर घुमत नाहीत, तुटक तुटक ठोके पडतात. पहिल्या कडव्यात स्वस्त वस्तूंच्या दुकानातून घेतलेली पहिली गिटार येते आणि बोटांतून रक्त येईपर्यंत ती वाजवणं येतं. हे ज्याने अनुभवलं आहे त्याला ते कधीच अतिशयोक्त वाटणार नाही. स्वस्त गिटारच्या पोलादी तारा पट्टीपासून फार उंच असतात. त्या दाबताना डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर खोल रेघा उमटतात, आठवडाभरात कातडी सोलते, आणि मग तिथे घट्टा पडतो. माझ्या तर्जनीच्या टोकाला तसा घट्टा होता. वाजवणं सुटलं तसा तो गेला. पहिला एफचा कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचा स्वरांचा गुच्छ, धरताना तर सहाच्या सहा तारा एका तर्जनीखाली दाबाव्या लागतात आणि त्यातल्या दोन तरी मुक्या राहतात. कॉलेजातल्या किती पोरांनी त्या एका कॉर्डपाशी गिटार सोडून दिली असेल!

आणि गंमत म्हणजे गाण्याचा मधला भाग नेमका एफवर जातो. षड्जच उचलून कोमल गंधारावर नेऊन ठेवावा, तसं सगळं गाणं दीड सुराने वर चढतं. तिथे तो म्हणतो, आपण नुसता वेळ घालवत होतो, अस्वस्थ होतो, आणि कोणतीही गोष्ट कायमची टिकत नाही. संगीत सर्वांत उंच असतं तेव्हा शब्द सर्वांत निराशेचे आहेत. मग गाणं पुन्हा डीवर उतरतं आणि पुढच्या कडव्यात आजचा काळ येतो: दिवस बदलले, जे आलं ते गेलंही. ज्यांना हे गाणं म्हणजे तारुण्याचा जयजयकार वाटतो, त्यांनी हा उतार ऐकलेलाच नाही. बँड मोडला, एकाने सोडला, दुसऱ्याचं लग्न झालं, हे तर आधीच्याच कडव्यात सांगून टाकलं आहे. सोनेरी भूतकाळ विकायला निघालेला माणूस मालातली खोट इतक्या लवकर दाखवेल का?

आपल्याकडे या प्रकारचं गाणं शेकडो वर्षं गायलं जात आहे आणि त्याला कोणी कधी पुरावा मागितला नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. माहेराची वाट, माहेरचं पाणी, न्यायला येणारा मुराळी भाऊ यांच्या ओव्या महाराष्ट्राच्या गावागावांत बायकांनी रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं, आणि तोही पुढे कित्येक वर्षं कागदावरच राहिला. त्याआधी आठव्या-नवव्या वर्षी मुलीचं लग्न लागणं ही रोजची गोष्ट होती. म्हणजे जात्याचा खुंटा धरून पहाटेच्या अंधारात जे माहेर ती आठवत होती, ते नऊ वर्षांच्या मुलीने पाहिलेलं माहेर होतं. त्या घरात दुष्काळ असेल, बापाचा मार असेल, पोरगी म्हणून दुजाभावही असेल. ओवीत ते बहुतेक वेळा नसतं. मग ओवी खोटी का? ज्याने सासरचं जातं ओढलेलं नाही त्यानेच असा प्रश्न विचारावा. माहेर इतकं गोड लागतं ते हातातल्या दळणामुळे. ओवीचा विषय वरकरणी माहेर असतो, आणि तिची साक्ष असते सासराबद्दल. हीच कसोटी रॉकच्या गाण्याला लावा, तो आकड्याचा वाद आपोआप किरकोळ होतो.

आता तिसऱ्या गटाचा सर्वांत गंभीर आक्षेप. तो राजकीय आहे, आणि तो मला अर्ध्याहून अधिक पटतो. स्मरणरंजन भूतकाळाला धुऊन-पुसून सादर करतं. १९६९ म्हणजे व्हिएतनामच्या युद्धाचं साल. त्याच वर्षी १ डिसेंबरला अमेरिकेने जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून कोणत्या तरुणाला आधी सैन्यात बोलवायचं ते ठरवलं. सक्तीची भरती टाळण्यासाठी हजारो अमेरिकन मुलं सीमा ओलांडून कॅनडात, व्हँकुव्हरमध्येही, येऊन राहिली. गाण्यात याचा मागमूस नाही. शिवाय १९८४ हे साल बघा. रोनाल्ड रेगन दुसऱ्यांदा निवडून येत होते, ते ‘अमेरिकेत पुन्हा सकाळ झाली आहे’ अशा जाहिरातीवर. हरवलेला सुखाचा काळ परत आणण्याचं वचन हे तेव्हाचं चलनी नाणं होतं. आणि नेमक्या त्याच वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘ग्लोरी डेज’, डॉन हेन्लीचं ‘बॉइज ऑफ समर’ आणि अ‍ॅडम्सचं हे गाणं बाहेर आलं. तिन्ही तरुणपणाकडे मागे वळून पाहणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी पस्तिशीला टेकली होती, तिच्या खिशात पैसा होता, आणि तिला तिच्याच आठवणी विकायला संगीताचा धंदा तयार होता. हे सगळं खरं आहे.

पण ती गाणी काय म्हणतात तेही ऐकायला हवं ना? ‘ग्लोरी डेज’मध्ये शाळेतला बेसबॉलपटू बारमध्ये भेटतो आणि जुन्या सामन्यांखेरीज दुसरं काही बोलत नाही. शेवटी गाणारा स्वतःबद्दलच धास्तावतो, की म्हातारपणी आपणही असेच बसून राहू. ‘बॉइज ऑफ समर’मध्ये मागे वळून पाहू नको असं बजावणारा एक आवाज आहे आणि कॅडिलॅक गाडीवर चिकटवलेलं हिप्पी बँडचं स्टिकर आहे. बंडखोरी आणि श्रीमंती एकाच गाडीत बसलेली दिसते. यात कुठे आहे रेगनची सकाळ? सप्टेंबर १९८४ मध्ये रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या सभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा हवाला दिला, तोही ‘बॉर्न इन द यूएसए’ गाजत असताना, ज्यात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची परवड आहे. आशा तिथे ऐकू यायची असेल तर शब्दांकडे काणाडोळाच करावा लागतो. सत्ताधाऱ्याला असा भूतकाळ हवा असतो, जो परत आणता येतो. चांगलं गाणं सांगतं की तो परत येत नाही. या दोन गोष्टींना एकाच नावाने हाक मारून दोघांनाही झोडपणं हा आळस आहे. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणत आजच्या पोरांना हिणवणारा माणूस आणि ‘आमचं काय बिनसलं’ असं स्वतःला विचारणारा माणूस यांत आपण रोजच्या जगण्यात फरक करतो; गाणं ऐकताना का करत नाही?

आणि व्हिएतनाम? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या, म्हणजे व्हॅलन्सच्या, आठवणीत युद्धाच्या आधी गिटार येणं यात मला काही गैर दिसत नाही. १९६९ च्याच जुलै महिन्यात आपल्याकडे चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि माणूस चंद्रावर उतरला. तरी त्या वर्षी दहावी-अकरावीत असलेल्या कोणालाही विचारा, आधी मैत्री, मार्क आणि सायकलच आठवेल. स्मृतीवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलं आहे, की उतारवयात माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी बाकी आयुष्याच्या मानाने खूप अधिक येतात. हा मनाचा घाट आहे. त्यावर राजकीय दोषारोप करता येत नाही.

एक उपआक्षेप खास आपल्यासाठी केला जातो: कॅनडातल्या पोराच्या उन्हाळ्यावर पुण्या-मुंबईतल्या, पणजीतल्या लोकांनी कशाला हळवं व्हायचं? ही उसनी हळहळ, इंग्रजी माध्यमातल्या सुखवस्तू वर्गाची हौस. वर्गाबद्दलचं म्हणणं मान्य. नव्वदच्या दशकात केबलवर एमटीव्ही दिसू लागला तो आधी ज्यांच्या घरात केबल होती त्यांना. हॉस्टेलच्या खोलीत गिटार असायची ती ज्याच्या घरून पैसे येत त्याची. पण ‘उसनी’ हा शब्द तपासून घ्यावा लागेल. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये प्रबंध लिहून घराची ओढ हा आजार असल्याचं मांडलं. पुढच्या शतकात परक्या सैन्यात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांबद्दल अशी ख्याती होती, की डोंगरातल्या गुराख्यांची एक धून कानावर पडली की ते रडू लागत, पळून जात, मरतही. म्हणून ती धून वाजवायला बंदी होती. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात याची नोंद करून एक मार्मिक गोष्ट लिहिली. परक्या माणसावर त्या धूनचा काहीच परिणाम होत नाही, म्हणजे ताकद स्वरांत नाही. ती धून तिथे संगीत म्हणून काम करत नसून आठवणीची खूण म्हणून काम करते.

रूसोचं हे निरीक्षण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन टाकतं. १९९५ साली अभियांत्रिकीच्या हॉस्टेलात, गॅदरिंगच्या आदल्या रात्री ज्याने हे गाणं डी आणि ए या दोन कॉर्डांवर बसवलं, त्याला आज ते ऐकून व्हँकुव्हर आठवत नाही. त्याला तो कॉरिडॉर आठवतो, तिसऱ्या वर्षाला नापास होऊन गावी परत गेलेला ड्रमवाला आठवतो. अ‍ॅडम्सने साल व्हॅलन्सकडून घेतलं, हॉस्टेलातल्या या पोराने ते अ‍ॅडम्सकडून घेतलं, आणि त्यात स्वतःचं साल भरलं. इथे मी रूसोशी थोडा वाद घालेन. खूण कोणतीही चालते असं नाही. त्याच वर्षी त्याच हॉस्टेलात शेकडो गाणी वाजली; टिकली ती थोडी. हे टिकलं, कारण मोडलेला बँड आणि दुरावलेला मित्र गाण्यात आधीपासूनच होते. ऐकणाऱ्याला फक्त नावं बदलावी लागली.

तेव्हा या गाण्यावर टीका करायची तर तिला खरी जागा आहे, आणि या वादात तिथे फारसं कोणी पोचत नाही. ती जागा म्हणजे आईच्या घराच्या ओसरीवर उभी असलेली ती मुलगी. ती वाट पाहीन म्हणते, त्याचा हात धरते, आणि गाण्यातून नाहीशी होते. बँड त्याचा, गिटार त्याची, मित्र त्याचे, आठवणही त्याचीच. बॉब सीगरच्या १९७६ मधल्या ‘नाइट मूव्ह्ज’मध्येही मुलीच्या वाट्याला असंच काहीसं येतं. १९६९ मध्ये सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात पहिली गिटार कोण देत होतं? तिने तो उन्हाळा कसा काढला, त्याने वाट पाहायला लावली ती किती वर्षं, आणि तिच्या लेखी ते सर्वांत चांगले दिवस होते का? आपल्याकडे निदान ओवी तिची आहे. जात्यापाशी तीच बोलते आणि भाऊ, बाप, नवरा हे तिच्या बोलण्यात येतात. रॉकच्या या गाण्यांत ते उलट आहे. गायकाचं वय मोजण्यात आपण चाळीस वर्षं घालवली. यापुढे या गाण्यावर भांडायचं तर ओसरीवरच्या त्या मुलीच्या बाजूने भांडू या.